पावसाळ्यातील मुक्काम आणि पावसाळ्यातील प्रवास : सह्याद्रीतील वर्षाविहाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

मृगाच्या सरी स्थिरावल्या की पुणे परिसरातील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर वर्षासहलीची सूचना लागते. लोणावळा, खंडाळा, भाजे, लोहगड, ताम्हिणी, माळशेज, सिंहगड ही नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी येतात आणि शनिवार-रविवारी शहरातून पश्चिमेकडे जाणारे रस्ते वाहनांनी भरून जातात. पाऊस आणि भटकंती यांचे नाते आजच्या पिढीला इतके स्वाभाविक वाटते, की ते पूर्वापार चालत आले असावे अशीच तिची समजूत असते. इतिहासाची साधने मात्र वेगळेच सांगतात. सह्याद्रीच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षे पावसाळा हा थांबण्याचा ऋतू होता. ज्यांना प्रवास करणे भागच होते, ते पावसापासून दूर, म्हणजे पूर्वेकडे जात. पाऊस जेथे सर्वाधिक कोसळतो तेथे केवळ तो पाहण्यासाठी जाण्याची रीत अगदी अलीकडची, फार तर गेल्या शंभर वर्षांतील आहे.

हा बदल कसा घडला आणि त्यात कोणत्या गोष्टी मागे पडल्या, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी कार्ले येथील शिलालेख, शिवकालीन पत्रव्यवहार, 'आज्ञापत्र' आणि ब्रिटिश राजवटीतील प्रशासकीय घडामोडी यांचा आधार घेतला आहे. लेखाचा विस्तार मुख्यतः पुणे जिल्हा आणि त्याला लागून असलेला घाटमाथा एवढाच मर्यादित ठेवला आहे.

विषयात शिरण्यापूर्वी भूगोलाची एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या ६५ किलोमीटरवरील लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि महाबळेश्वरी साडेपाच हजारांच्याही वर. उलट पुण्याच्या पूर्वेस सासवड, जेजुरी, फलटण या बाजूला गेले की तो आणखी कमी होत जातो. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. या लेखातील सर्व माणसे, मग ती भिक्षू असोत, सैनिक असोत, वारकरी असोत वा गव्हर्नर असोत, या एका वस्तुस्थितीशी आपापल्या परीने व्यवहार करीत होती.

मुक्कामाची व्यवस्था

प्राचीन भारतीय परंपरेत पावसाळ्यातील प्रवास निषिद्ध मानला गेला. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास संन्याशाने एका ठिकाणी राहून काढावा, असा दंडक होता. जैन साधू-साध्वी आजही तो कटाक्षाने पाळतात. काव्यानेही हाच संकेत स्वीकारला. हालाच्या 'गाथासप्तशती'त आकाशात मेघ दिसताच वाटसरूला घराची ओढ लागते. 'मेघदूता'तील यक्ष रामगिरीवर, म्हणजे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलेल्या स्थाननिश्चितीनुसार नागपूरजवळच्या रामटेकला, जागच्या जागी खिळलेला आहे. त्या काव्यात पावसाळ्यात प्रवास करतो तो फक्त मेघ.

बौद्ध संघाने या थांबण्याला संस्थेचे रूप दिले. भिक्षूने वर्षातील उरलेले महिने चारिका करावी आणि पावसाळ्यात एका विहारात वर्षावास करावा, हा विनयाचा नियम होय. मावळातील भाजे, बेडसे आणि कार्ले येथील लेणी ज्या डोंगररांगांत आहेत, तेथे पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात आणि वाटा निसरड्या होतात. अशा जागी चार महिने राहायचे तर अन्नाची सोय आधीच केलेली असावी लागते. ही सोय कशी होत असे, याचा लेखी पुरावा कार्ले येथे उपलब्ध आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारही दिशांहून आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याची नोंद तेथील चैत्यगृहात कोरलेली आहे. वलूरक हे कार्ले लेण्यांचे प्राचीन नाव. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला, तेव्हा मामाळच्या अमात्याला उद्देशून निघालेल्या राजाज्ञेने तेच गाव पुन्हा लेण्यांतील भिक्षूंकडे सोपविण्यात आले. मामाळ म्हणजे आजचे मावळ. दोन राजघराण्यांतील वैर टोकाचे होते. तरीही पावसाळ्यात डोंगरात राहणाऱ्यांच्या पोटाची तरतूद दोघांनीही मोडली नाही. राजकीय इतिहासात या शिलालेखाचा उल्लेख कालनिश्चितीसाठी वारंवार होतो, पण पावसाळ्याच्या अर्थव्यवस्थेचा दस्तऐवज म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात विद्यार्थ्यांसमवेत भाजे येथे जाण्याचा योग आला. पायथ्याच्या धबधब्याखाली शेकडो माणसे होती. वर लेण्यांत आमच्याखेरीज जेमतेम दहा-बारा. बाहेर पाऊस कोसळत असताना चैत्यगृहाच्या आतील जमीन कोरडी होती. डोंगरावरून येणारे पाणी कातळातील टाक्यांत उतरत होते. प्राचीन लेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि पोढी खोदून देणे हे स्वतंत्र दान समजले जाई. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, इतका पाऊस पडतो तिथे पाणी साठवायचं कशाला?" प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी त्याच टाक्यांशी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा यावे लागले असते. बेसाल्टचा कातळ पाणी मुरू देत नाही. जे पडते ते पाहता पाहता वाहून जाते. पावसाळ्यात ज्या डोंगरावर पाण्याचे भय, त्याच डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष असते. लेणी खोदणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या.

मराठेशाहीत थांबण्याचे हेच तत्त्व लष्करी भाषेत 'छावणी' म्हणून येते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळा तोंडावर आला की छावणीस येत. चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना व कारकुनांना शिवछत्रपतींनी पाठविलेले प्रसिद्ध पत्र रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी नेहमी उद्धृत केले जाते. ते रास्तच आहे. परंतु त्या पत्राचा मूळ विषय पावसाळा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. दाणा-वैरण आताच बेहिशेब खर्च केली तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरी दाणा, गवत, लाकूडफाटा ओरबाडायला जातील, अशी कार्यकारणाची साखळी त्यात मांडली आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथवर बारकावा आहे. कोकणातील घरोघरी पावसाळ्यापूर्वी धान्य, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण साठविण्याची जी आगोटीची तयारी होते, तिचेच हे राज्यव्यापी रूप म्हणता येईल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासंबंधी असाच विचार आहे. समुद्र खवळण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी जहाजे सुरक्षित बंदरात छावणीस आणावीत. मात्र दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, असे तेथे सांगितले आहे. पावसाळ्याचा भार एकाच गावावर पुनःपुन्हा पडू नये, ही काळजी त्यामागे दिसते. पर्यटनशास्त्रात आज 'वहनक्षमता' ही संज्ञा वापरतात. संज्ञा नवी असली, तरी विचार सतराव्या-अठराव्या शतकात अपरिचित नव्हता.

या नियमाला अपवाद घडले, पण ते युद्धाच्या निकडीने. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरने पन्हाळ्याचा वेढा उठविला नाही आणि १२ जुलैच्या रात्री महाराजांना भर पावसात विशाळगडाकडे निघावे लागले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे धारातीर्थी पडले. त्या मार्गावर आज दर जुलैत पदभ्रमण मोहिमा निघतात. श्रद्धेने चालणाऱ्या तरुणांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते, की ती रात्र आठवणीत राहिली याचे एक कारण म्हणजे तशा रात्री कोणी घराबाहेर पडत नसे.

पूर्वेकडे जाणारी पालखी

पावसाळा हा थांबण्याचा ऋतू होता, या विधानावर पहिला आक्षेप हडपसरचा कोणीही रहिवासी घेईल. कारण ज्या आषाढात संन्यासी मुक्कामाची तयारी करतो, त्याच सुमारास लाखो वारकरी चालत असतात. संत तुकारामांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीची स्वतंत्र आणि शिस्तबद्ध घडी बसविली. दोन्ही पालख्या पुण्यातील मुक्कामानंतर हडपसरच्या गाडीतळापर्यंत येतात आणि तेथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडकडे वळते, तर तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते.

वारी हा पावसाळ्यातील प्रवास आहे खरा, पण त्याचा नकाशा पाहावा. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण आणि पुढे पंढरपूर अशी ही वाट सलग पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे, म्हणजे पर्जन्यछायेत आत आत जाते. पालखी दिवे घाट चढते, पण सह्याद्रीच्या मुख्य धारेकडे पाठ करून. वारकऱ्याला पावसाची सर हवी असते, कारण मागे राहिलेल्या शेतात पेरणी झालेली असते किंवा व्हायची असते. त्याला पूर नको असतो. शिवाय वारीत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, विणेकरी कोण, मुक्काम कोठे, भोजन कोणाकडे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या निश्चित आहे. एवढा मोठा समुदाय पावसाळ्यात तीन आठवडे चालतो आणि मुक्कामाला पोहोचतो, त्यामागे ही शिस्त आहे. भक्तीच्या अंगाने वारीवर विपुल लेखन झाले आहे. पावसाळी प्रवासाचे व्यवस्थापन म्हणून तिचा अभ्यास व्हावयास हवा.

गव्हर्नरचा पावसाळा

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सह्याद्रीत गिरिस्थाने वसविली ती उन्हाळ्यासाठी. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ मध्ये, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी प्रदेशाची अदलाबदल होऊन महाबळेश्वरी माल्कमपेठ उभी राहिली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानचा डोंगर चढून गेले आणि पुढे तेथे वसाहत झाली. या दोन्ही ठिकाणांचा हंगाम पावसाच्या आगमनाबरोबर संपत असे. महाबळेश्वरी घरांच्या भिंती गवताच्या जाड पडद्यांनी झाकून घेत आणि साहेबलोक डोंगर उतरत. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ ते अमन लॉज या घाटातील टप्प्यात ही गाडी आजही बंद ठेवतात. पावसापुढे थांबण्याचा रिवाज नियमाच्या रूपाने टिकून राहिल्याचे असे उदाहरण आता दुर्मीळच म्हटले पाहिजे.

महाबळेश्वर सोडून हे अधिकारी कोठे जात? उत्तर पुणेकरांना सुखावणारे आहे. मुंबई इलाख्याचे सरकार पावसाळ्यात पुण्यास येई. मुंबईची दमट हवा आणि महाबळेश्वरचा अखंड पाऊस या दोहोंपेक्षा पुण्याची भुरभुर त्यांना मानवत असे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली, त्यामुळे हे स्थलांतर सोपे झाले. गणेशखिंडीतील भव्य गव्हर्नमेंट हाउसचे बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची ती मुख्य इमारत बनली. १८७० मध्ये कौन्सिल हॉल उभा राहिला आणि कायदेमंडळाची पावसाळी अधिवेशने तेथे भरत. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम जुलैत सुरू होतो, तोही याच परंपरेने. अर्थात पुणे हे स्वतः एक पावसाळी पर्यटनस्थळ होते. फरक एवढाच, की तेथे यायचे ते पाऊस चुकविण्यासाठी.

या हंगामाचा आपल्या राजकीय इतिहासाशी एक धागा जुळतो. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट गणेशखिंडीतून परतत असताना चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जूनच्या अखेरीस गव्हर्नरचा दरबारी थाट मुंबईत नसून पुण्यात असे, ही बाब त्या घटनेच्या पार्श्वभूमीचा एक भाग आहे.

एतद्देशीय पुढाऱ्यांचा ऋतुक्रमही यापेक्षा निराळा नव्हता. लोकमान्य टिळक सिंहगडावर मुक्कामास जात, ते उन्हाळ्यात. आज सिंहगडाच्या घाटात वाहनांची सर्वाधिक कोंडी पावसाळी रविवारी होते, याचे त्यांना नवल वाटले असते.

पाणी साठविणारे डोंगर

घाटमाथ्यावर पावसासाठी जाणारे पहिले आधुनिक लोक प्रवासी नव्हते, अभियंते होते. बोरघाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे. त्यासाठी रेल्वेने लोणावळ्याजवळ इंद्रायणीच्या उगमाकडील भागात भुशीचे धरण बांधले. ज्या पायऱ्यांवर बसून आज हजारो लोक पाण्याचा प्रवाह अंगावर घेतात, त्या बसण्यासाठी केलेल्या नाहीत. धरण भरल्यावर जादा पाण्याला सुरक्षित वाट मिळावी म्हणून केलेली ती सांडव्याची रचना आहे.

पुढचे पाऊल टाटांचे. १९१० मध्ये जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांत घाटमाथ्याचा पाऊस अडवून तो सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आला आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पावसाला औद्योगिक मोल प्राप्त झाले ते येथे.

ते मोल कोणी चुकविले, हे मुळशीत दिसले. मुळा नदीवरील धरणात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. एप्रिल १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्याने बापटांना 'सेनापती' ही उपाधी दिली. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झालेच. ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून मुळशीचा जो जलाशय पावसाळ्यात धुक्याखाली अत्यंत मनोहर दिसतो, त्याच्या तळाशी भातखाचरे, घरे आणि देवळे होती. रस्त्याकडेला छायाचित्रे काढण्यासाठी थांबणाऱ्या समुदायाला हे सांगणारा फलक असावा, अशी अपेक्षा बाळगणे इतिहासाच्या अध्यापकाला तरी गैर वाटत नाही.

पश्चिमेकडे वळलेली वाट

पाऊस हे पाहण्याचे दृश्य केव्हा झाले, याची एक तारीख सांगता येणार नाही. काही टप्पे मात्र दाखविता येतात. रेल्वेमुळे घाट कोरड्या डब्यात बसून पाहता येऊ लागला. खिडकीतून दिसणारा धबधबा हा वाटेतला अडसर उरला नाही, तो देखावा झाला. नोकरदार मध्यमवर्गाला आठवड्याची ठरावीक सुटी मिळाली. शेतकऱ्याला पावसाळ्यात ती कधीच नव्हती. पेरणी, लावणी, बेणणी यांत गुंतलेल्या मावळच्या कुणब्याला पाऊस पाहायला जाण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटली असती, कारण तो दिवसभर इरले पांघरून पावसातच उभा असे. निसर्गातील ऋतू हा स्वतंत्र आस्वादाचा विषय आहे ही दृष्टी ललित साहित्याने रुजविली. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्याच सुमारास, १९५४ मध्ये मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था निघाली आणि १९८२ मध्ये पुण्यात 'गिरिप्रेमी'. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने आणि पायपिटीने एका संपूर्ण पिढीला गडांच्या वाटा दाखविल्या. या मंडळींची भटकंती कष्टाची होती. दोर, वाटाड्या, गावातला मुक्काम, पाण्याचा अंदाज यांची त्यांना जाण होती. गावकऱ्याने ओढा ओलांडू नका म्हटले, की ते ऐकण्याची रीत होती.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर चित्र झपाट्याने पालटले. याच काळात हडपसरमध्ये मगरपट्टा आणि भोवतालच्या भागात माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या. उसाच्या व भाजीच्या मळ्यांचे गाव पाहता पाहता शहर झाले. देशाच्या सर्व भागांतून तरुण आले. मावळच्या पावसाशी त्यांची पूर्वओळख नव्हती. हातात दुचाकी आली आणि पुढे भ्रमणध्वनीवर जागेचे छायाचित्र व रस्ता दोन्ही येऊ लागले. वाटाड्याची गरज उरली नाही. गावात मुक्काम करण्याची तर नाहीच, कारण संध्याकाळपर्यंत परत यायचे असते. हॉटेल व्यावसायिकांनीही एकेकाळी बंद राहणाऱ्या हंगामासाठी सवलतीच्या योजना काढल्या. मावळातील अनेक कुटुंबांना मक्याची कणसे, भजी, चहा यांच्या विक्रीतून चार पैसे मिळू लागले, हेही नोंदविले पाहिजे. या पर्यटनाला केवळ नावे ठेवणे सोपे आहे. भाताच्या दोन खाचरांवर ज्यांचे वर्ष निघत नाही, त्यांना विचारल्याशिवाय तसा निवाडा देऊ नये.

भुशी, ३० जून २०२४

घाटमाथ्यावरील धबधब्यांचे पाणलोट क्षेत्र बहुधा लहान आणि उताराचे असते. खाली ऊन पडलेले असताना वरच्या पठारावर पाऊस सुरू असू शकतो. कातळावरून ते पाणी थोड्याच मिनिटांत उतरते आणि गुडघाभर ओढा छातीपर्यंत येतो. डोंगरातील गुराख्याला पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाचोळा वाहत आला, की धोका कळतो. शहरातून आलेल्या माणसाला हे शिकविलेले नसते आणि शिकविणारा सोबत नसतो.

रविवार, ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील जंगलातील धबधब्यावर हेच झाले. हडपसर परिसरातून वर्षाविहारासाठी गेलेल्या एका कुटुंबातील पाच जण, एक स्त्री आणि चार मुले, अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यभागी एका खडकावर परस्परांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ज्या वस्त्यांतून आमच्या महाविद्यालयांत मुले शिकायला येतात, त्याच वस्त्यांतले हे लोक. त्या आठवड्यात वर्गात शिकविणे अवघड गेले. जिल्हा प्रशासनाने जुलैमध्ये मावळ, मुळशी आदी तालुक्यांतील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. पुढील वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. भुशी आणि कुंडमळा ही दोन्ही ठिकाणे एकाच नदीच्या काठची आहेत. त्यानंतर महिन्याभरातच, जुलै २०२५ मध्ये, लोहगड, राजगड व शिवनेरी यांसह मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आनंदाची गोष्ट, पण लोहगडाच्या अरुंद पायऱ्यांवर पावसाळी रविवारी किती माणसे असावीत, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

बंदी हा या प्रश्नाचा एक भाग आहे. जमावबंदीचा आदेश महिन्याभराने संपतो आणि पुढच्या आषाढात तो पुन्हा काढावा लागतो. वलूरकच्या भिक्षूंना, चिपळूणच्या जुमलेदारांना किंवा माउलींच्या दिंडीकऱ्यांना पावसाचे नियम आदेश म्हणून फलकावर वाचावे लागले नाहीत. ते त्यांच्या व्यवहारातच होते: गाव नेमून दिलेले, वैरण मोजलेली, मुक्काम ठरलेला. आजचा प्रवासी त्यांनीच घडविलेल्या जागी जातो. लेणी, किल्ले, धरण, तलाव, घाटरस्ता या सगळ्या वास्तू पावसाचे वर्तन ओळखून उभारलेल्या आहेत. वास्तू वारशात आल्या, ती ओळख आली नाही. ती शालेय भूगोलाच्या पुस्तकातून येणार नाही आणि इतिहासाच्या पुस्तकातूनही नाही. निदान वर्षासहलीची सूचना लावण्यापूर्वी आम्ही अध्यापकांनी ती स्वतः मिळवावी, असे वाटते. यंदापासून आमच्या विभागाची सहल जेथे जाते, तेथील एका गावकऱ्याला मानधन देऊन सोबत घेण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. तो नाही म्हणाला तर आम्ही ओढ्यात उतरत नाही.

३० जून २०२४ या तारखेविषयी आणखी एक नोंद. त्याच दिवशी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात दाखल झाल्या होत्या. २ जुलैला त्या हडपसरला आल्या, गाडीतळावर दर्शनासाठी गर्दी झाली आणि नेहमीप्रमाणे एक पालखी सासवडच्या रस्त्याला लागली, दुसरी लोणी काळभोरच्या.